सिस्टरचा निकाल

आमच्या दवाखान्यात नाडी बघायची एक पद्धत सगळ्यांची होती आणि एक सिस्टरची होती. बाकीच्या नर्स घड्याळाकडे बघून आकडा लिहायच्या. सिस्टर पेशंटचं मनगट धरून डोळे मिटायच्या, मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "ह्यांची केरव्यात चालायली. काई काळजी न्हाई." आकडाही त्या लिहीत, आणि तो बरोबरच असे, पण आधी ताल. एकदा एका म्हाताऱ्याचं मनगट धरल्या धरल्या त्या ताडकन उठल्या आणि व्हरांड्यात जाऊन ओरडल्या, "डॉक्टरला बोलवा, ह्यांचा ठेका सुटायलाय!" डॉक्टर पळत आले. म्हातारबुवा त्यातून वाचले. घरी जायच्या दिवशी मनगट पुढं करून ते विचारू लागले, "सिस्टर, आता कशात चालायली?"

"भजनी ठेक्यात. घरी जावा, आन् भजन करा."

सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. त्यांचं नाव हजेरीपटावर तेवढं होतं. मी नांदेडहून लातूरला सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून आले तेव्हा मला खोली मिळेना. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. नवी कार्यालयं, नवे साहेब, त्यांची बिऱ्हाडं, सगळ्यांनाच घरं हवी होती. दुकानांच्या पाट्यांवर ‘ता.’ खोडून ‘जि.’ रंगवायचं काम जोरात चाललं होतं. सिस्टरनी मला रक्त तपासताना पाहिलं आणि विचारलं, "गाणं ऐकतीस का?"

मी म्हटलं, "ऐकते की."

"कसलं?"

मी त्या काळातल्या एका गाजलेल्या सिनेमातल्या गाण्याचं नाव घेतलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "त्याला ताप न्हाई, नुसता घाम हाय. पन ऱ्हा. सुधारशील."

अशी मला खोली मिळाली.

त्यांचं घर म्हणजे तीन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी त्यांच्या नवऱ्याचा फोटो. घरात रेडिओला ठरलेली जागा नव्हती. तो त्यांच्या काखेत असायचा. भाकरी करताना चुलीपाशी, कपडे वाळत घालताना दोरीखाली, अशी त्याची वरात सगळ्या घरातून फिरायची. गाणं लागलं की पहिल्या कडव्यापर्यंत त्या गप्प असत. मग निकाल. वाद्यांचा फार गजर असला तर, "हे सलाईनवर हाय. बाटली काडा, लगेच मरतंय." गाणारा नुसताच सफाईदार असला तर, "नाडी लागंना." आणि सर्वांत मोठी शाबासकी एकाच शब्दाची होती, "जित्तं हाय!" हा शब्द महिना महिना ऐकू यायचा नाही. आला की त्या दिवशी मात्र भाजीत शेंगदाण्याचं कूट जास्त पडायचं.

रेडिओवर गाण्यांचे नंबर लावायचा कार्यक्रम असे. तो त्या भांडायला म्हणूनच लावायच्या. "पहिला नंबर, दुसरा नंबर! पळायची शर्यत हाय का?" पेपरात मुंबईच्या कुठल्या समारंभात कुणाला बक्षीस मिळालं ते छापून आलं की मला मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि मध्येच तोडायच्या. "सालातलं सगळ्यात चांगलं गानं म्हनं! सालातली सगळी गानी ऐकली कोन? औशात लग्नाला बाया हळद लावताना म्हनतेत ती ऐकली का ह्यांनी? खामखा!" बसस्टँडजवळच्या कॅसेटच्या दुकानासमोर त्या तासन् तास उभ्या राहून नवी गाणी ऐकायच्या, पण एकही कॅसेट त्यांनी कधी घेतली नाही. मी कारण विचारलं.

"इकत घेतलं की चांगलं म्हनावंच लागतं."

कार्यक्रमाला त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षा होती. कव्वाली असो, जयंतीची भीमगीतं असोत, गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो, सिस्टर हजर. पण एका जागी नाही. पहिलं गाणं समोरून, दुसरं बायकांच्या घोळक्यातून, तिसरं स्टेजच्या मागं ढोलकीवाल्याच्या पाठीशी, आणि चौथं पार रस्ता ओलांडून पानटपरीपाशी. मी त्यांच्यामागं चपला फरफटवत. "जवळून सगळीच गोड लागतेत," त्या म्हणायच्या. "रस्ता वलांडून आलं तरच खरं." आणि कुणी सिनेमाच्या चालीवर शब्द बसवले असले की आजूबाजूच्या चार ओळींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "चाल उसनी हाय!"

जयंतीच्या मांडवात एकदा मंडळाचा एक कार्यकर्ता त्यांना म्हणाला, "सिस्टर, शब्द बघा ना, शब्द किती ताकदीचे हायेत."

"शब्द आपलेच हायेत रे. पन अंगावर कपडे दुसऱ्याचे. आपुन कुनाचे जुने कपडे घालायचे सोडून किती वर्सं झाली?"

असं काही त्या मध्येच बोलून जायच्या आणि पुन्हा चालू लागायच्या.

पाऊस तर सलग दुसऱ्या साली नव्हता. मांजरेचं पात्र कोरडं, बोअरला हवा. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा आणि त्याच्या आधी तासभर घागरींची रांग. त्याच दिवसांत नव्या जिल्ह्याचा उत्साहही ऐन भरात होता. आज कुठल्या कार्यालयाचं उद्घाटन, उद्या कुणाचा सत्कार, आणि प्रत्येक ठिकाणी गाणं-बजावणं. रांगेतले एक सद्‌गृहस्थ एक दिवस वैतागून म्हणाले, "प्यायला पाणी नाही आणि गाणी कसली म्हणतात लोक!"

सिस्टर घागर घेऊन वळल्या. "तहान लागल्यावर मानूस गप बसतंय व्हय? बोंबलतंयच की. ती बोंब सुरात मारली तर तुमचं काय गेलं?"

रांग हसली. पण पाचच मिनिटांनी पलीकडच्या गल्लीतून हलगीचा आवाज आला, आणि सिस्टरनी आपली घागर माझ्या पायाशी ठेवली. "ऱ्हा इतं. कोन वाजवायलंय बघून येते." टँकर आला, मी दोघींच्या घागरी भरल्या, ओढत घरी आणल्या. त्या दुपारी उगवल्या, पदर घामानं भिजलेला, चेहरा पडलेला. "नुसतं बँडवाल्याचं चामडं तापवायचं चाललंय," म्हणाल्या, "गानं न्हाई." जणू गाणं कुठंतरी जवळपासच आहे, आपल्याला फक्त पत्ता लागत नाही, अशा त्या सारख्या उठत, जात आणि हिरमुसून परत येत.

हे सगळं कशामुळं ते मला पुढं कळलं. त्यांचा नवरा औशाचा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. संध्याकाळी हलगी घेऊन वस्त्यांवर जाऊन गायचा. गाणी स्वतः जुळवायचा, चालीही स्वतःच्याच. "आवाज फाटका हुता," सिस्टर सांगायच्या. "वर गेला की चिरकायचा. लोक हसायचे. पन डोळे मिटून ऐकलं तरी कळायचं, ह्योच हाय." तो लवकर गेला. मागं एक मुलगा राहिला, आणि त्या मुलाचा गळा मात्र, बापाचा फाटका असूनही, फार गोड होता.

मुलगा तेव्हा बाविशीचा. दिवसा डाळमिलमध्ये कामाला, संध्याकाळी ऑर्केस्ट्रात. चकचकीत निळा कोट घालून तो मुंबईच्या एका मोठ्या गायकाची गाणी हुबेहूब त्याच्याच आवाजात म्हणायचा. श्वाससुद्धा त्याच जागी घ्यायचा. निवेदक त्याची ओळख करून द्यायचा ती त्या गायकाचा ‘लातूरचा आवाज’ म्हणून. पोस्टरवरही तेच. मला त्याचं गाणं फार आवडायचं, आणि ते मी घरात बोलत नसे. कारण सगळ्या जगाच्या कार्यक्रमांना जाणाऱ्या सिस्टर मुलाच्या कार्यक्रमाला मात्र कधी जात नसत. त्याचा कोट त्या स्वतः इस्त्री करायच्या, दारापर्यंत सोडायला यायच्या आणि म्हणायच्या, "जा. नकल करून ये."

तो हसून घ्यायचा. "माय, ही नकल ऐकायला हजार मानसं येतेत."

"माकडाला बी येतेत."

अशी त्यांची बोलणी. मला वाटायचं, ही दोघांची थट्टा आहे. थट्टा होतीच ती, पण नुसती थट्टा नव्हती.

मग जिल्ह्याच्या वर्धापनदिनाचा समारंभ ठरला. त्यात जिल्ह्यातल्या गायकांची स्पर्धा आणि पहिल्या येणाऱ्याला ‘जिल्ह्याचा गायक’ म्हणून मानपत्र. परीक्षक तिघं ठरले. एक शाळेतले संगीत शिक्षक, एक निवृत्त हेडमास्तर आणि तिसऱ्या सिस्टर. समारंभाचं बघणाऱ्या साहेबांची मुलगी विषमज्वरानं आमच्याकडे आठवडाभर होती, तेव्हा सिस्टरची गाण्यावरची मतं त्यांनी खाटेशेजारी बसून रोज ऐकली होती. त्यांना ती भारी वाटली असावीत.

सिस्टर त्यांना म्हणाल्या, "साहेब, माजा पोरगा हाय त्याच्यात."

"मग त्याच्या गाण्याला तुम्ही गुण देऊ नका. बाकीच्यांना द्या."

"वा! जगाचं समदं सांगायचं आन् घरचं आलं की मुकं व्हायचं? द्यायचे तर सगळ्यायला देईन."

साहेब हसले आणि हो म्हणाले. मुलगाही हसला. घरी आल्यावर तो मला म्हणाला, "ताई, आता बघा, ह्या वेळी तरी तिला समोर बसून ऐकावं लागतंय." त्याच्या बोलण्यात बक्षिसाची हाव नव्हती. आई ऐकणार, याचीच त्याला धडधड लागली होती. चार दिवस त्यानं थंड पाणी सोडलं.

शाळेच्या मैदानावर स्पर्धा झाली. ऊन उतरलं होतं, धूळ उडत होती, मांडवाच्या कडेनं पाण्याचे दोन पिंप ठेवले होते आणि त्यांच्या राखणीला शिपाई. बार्शी रोडपासून गंजगोलाईपर्यंतचं सगळं गाव तिथं लोटलं होतं. मुलगा गायला आणि मैदान उसळलं. टाळ्या, शिट्ट्या, वन्स मोर. हेडमास्तर टेबलावर बोटांनी ठेका धरत होते. मी सिस्टरकडे पाहिलं. त्यांची नजर मुलावर होती, पण पेशंटची धरावी तशी एका हातानं स्वतःच्याच दुसऱ्या हाताची नाडी धरलेली.

त्याच्या नंतर जवळच्या मुरुडहून आलेली एक शिवणकाम करणारी बाई गायली. स्वतःच जुळवलेलं गाणं होतं, विहिरीच्या तळाशी दिसणाऱ्या दगडांवर. मध्ये विसरली. थांबली. "पुन्हा म्हनते," म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. लोक खुसखुसले. सिस्टर पुटपुटल्या ते मला ओठांवरून कळलं, "जित्तं हाय."

परीक्षकांची कुजबूज बराच वेळ चालली. हेडमास्तर मान हलवत होते, संगीत शिक्षक हात. शेवटी निकाल ठरवायला आणि सांगायला साहेबांनी सिस्टरलाच पुढं केलं, बहुधा वाद मिटवायला. सिस्टरनी माईक हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच घेतला असावा. तो त्यांनी थर्मामीटरसारखा झटकला.

"ह्या निळ्या कोटातल्या पोराचा गळा लई गोड हाय," त्या म्हणाल्या. मैदान टाळ्यांनी भरलं. त्यांनी टाळ्या थांबू दिल्या. "पन आज ह्या पोराला आपुन ऐकलंच न्हाई. ज्याला ऐकलं त्यो मुंबईत हाय. बक्षीस द्यायचं तर त्याला टपालानं धाडून द्या."

मैदान हसलं. त्या हसण्याचा आवाज मला अजून आठवतो. थोड्या वेळापूर्वी जी माणसं वन्स मोर ओरडत होती तीच हसत होती. एक पोरगं ओरडलं, "टपाल! ए टपाल!" मुलगा स्टेजच्या पायरीवर उभा होता. त्यानं कोटाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं. मुरुडच्या बाईचं नाव जाहीर झालं तेव्हा अर्धे लोक ओरडून नाराजी दाखवत होते आणि ती बाई घाबरून पुढं येईना.

तो त्या दिवशी घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आला, दोन शर्ट, पॅन्ट, टॉवेल पिशवीत भरलं. सिस्टर चुलीपुढं बसून होत्या. रेडिओ बंद. तो पडवीत माझ्यापाशी थांबला. "ताई, तिला सांगा, टपालानं गेलो म्हनून."

अंगातला निळा कोट त्यानं आल्या आल्या खुंटीला अडकवला होता, तो तिथंच राहिला होता. सिस्टर उठल्या, तो घडी करून त्याच्या पिशवीत घातला आणि पुन्हा चुलीपाशी बसल्या.

तो नांदेडला गेला, तिथल्या एका ऑर्केस्ट्रात.

यानंतर सिस्टर रडल्या, पडल्या, पश्चात्ताप केला असं काही झालं नाही. त्या आणखी चालू लागल्या. ड्यूटी संपली की घरी न येता गावभर. कुठं ढोलकी वाजली की तिकडं, कुठं माईकची खरखर ऐकू आली की तिकडं. रेडिओचा काटा एका स्टेशनवर क्षणभर टिकत नसे. पण एक बदल झाला होता आणि त्याची मला भीती वाटायला लागली. त्यांनी मत देणं सोडलं. कार्यक्रमाहून परत आल्यावर मी विचारायचे, "कसं होतं?"

"ठीक हुतं."

‘ठीक’ हा शब्द त्यांच्याकडे पूर्वी नव्हताच. ज्या चालीला त्यांनी एरवी फाडून खाल्लं असतं तिला ठीक, ज्या हलगीसाठी त्यांनी घागर टाकली असती तिलाही ठीक. वॉर्डात त्या घड्याळाकडे बघून नाडी मोजायला लागल्या. पेशंट तक्रार करू लागले. एक आजीबाई मला म्हणाली, "सिस्टर माझा ताल सांगंना झाल्यात. मी मरायले का काय?"

मी दर महिन्याला नांदेडला घरी जायचे. परत आले की त्या विचारायच्या, "तिकडं पानी हाय का?" मी म्हणायचे, गोदावरीत वाळूच जास्त आहे. "आन् कार्यक्रम हुतेत का?" होतात म्हणायचे. पुढचा प्रश्न त्या विचारत नसत. मग एका शनिवारी मी निघाले तर त्या पिशवी घेऊन दारात उभ्या. "मी बी येते. माजी एक मैत्रीन हाय तिकडं."

मैत्रीण कुठली ते मीही विचारलं नाही. एसटी अहमदपूर, लोहा करत निघाली. दोन्ही बाजूंना करपलेली रानं, रस्त्याच्या कामावरची माणसं डोक्याला फडकी बांधून खडी पसरत होती. सिस्टरनी चार वेळा जागा बदलली. खिडकीपाशी झळ लागते, मागं धक्के बसतात, पुढं ड्रायव्हर शिट्टी बेसूर वाजवतो. त्या मताच्या चोरट्या चाहुलीनंसुद्धा मला बरं वाटलं.

त्याचा कार्यक्रम कुठं आहे हे नांदेडला पोचल्यावर माझ्या भावानं शोधून काढलं. एका वसाहतीच्या मैदानात, दिवेलागणीला. आम्ही गेलो तेव्हा सुरू झाला होता. तोच निळा कोट. ओळख करून दिली गेली ती त्याच मोठ्या गायकाचा ‘नांदेडचा आवाज’ म्हणून. सिस्टर मांडवाच्या खांबापाशी थांबल्या आणि तिथून हलल्याच नाहीत. त्या स्टेजकडे कमी आणि लोकांकडे जास्त बघत होत्या. आमच्या पुढं पाच-सहा बाया बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी रिकाम्या घागरी. नळ आला नव्हता म्हणून तशाच इकडं आलेल्या. त्या गाण्याबरोबर गुणगुणत होत्या. त्यांना सगळे शब्द पाठ होते.

तिसऱ्या गाण्यात त्यानं आम्हाला पाहिलं. एका ओळीच्या मध्यावर त्याचा आवाज घसरला. तो घोटीव, गुळगुळीत आवाज गेला आणि खालून एक वेगळाच, जरासा खरखरीत, वर जाताना चिरकणारा आवाज बाहेर आला. दोन-तीन शब्दच. लोकांनी शिट्टी मारली. त्यानं सावरलं आणि पुन्हा तो मुंबईचा गायक झाला.

सिस्टरनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी रुतली. "ऐकलीस?"

"काय?"

"त्याच्या बापावर गेलाय गं."

कार्यक्रम संपल्यावर आम्ही स्टेजच्या मागं गेलो. तो वायर गुंडाळत होता. आईकडे न बघता म्हणाला, "निकाल द्यायला आलीस?"

"न्हाई. जेवतोस का येळेवर?"

"हाव."

"दिसत न्हाई."

मग सिस्टर म्हणाल्या, "हे बघ. मी जे बोलले ते खरं बोलले. आज बी तेच म्हनते. पन माईकवर बोलले, ते चुकलं. ते घरात बोलायचं हुतं."

"घरात तर रोजच बोलायचीस की!"

"मग रोजचंच बोलायचं हुतं."

त्यानं वायर खाली ठेवली. "माय, तुला एक सांगू? तू म्हनतीस नवं गा, तुजं गा. बाबा गायचा, चार घरं ऐकायची. ह्या बाया बघितल्यास का? दिसभर नळाच्या वाटंकडं डोळे लावून बसतेत. नवं ऐकायला ताकद लागती. ती आनायची कुठून त्यांनी? वळखीचं गानं लागलं की त्यांला आपल्या घरात बसल्यावानी वाटतं. तेवढं मी देतो. ह्याला तू माकड म्हनतीस."

सिस्टरनी रिकाम्या घागरी उचलून निघालेल्या त्या बायांकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "हे मला सुचलं न्हवतं."

त्याला ते इतकं अनपेक्षित होतं की तो हसला. मग त्यानं आम्हाला हॉटेलात नेऊन जेवू घातलं. जेवताना दोघं मिठाबद्दल बोलले, डाळमिलबद्दल बोलले, गाण्याबद्दल अवाक्षर नाही.

सकाळी बसस्टँडवर तो सोडायला आला. गाडी लागलेली होती. आम्ही चढून बसलो, तो खिडकीखाली उभा. मध्येच म्हणाला, "माय, एक ऐकतीस?" आणि इकडंतिकडं बघून, खिडकीचा गज धरून, हळू आवाजात म्हणू लागला. बाजूनं केळीवाला ओरडत होता, स्पीकरवर परभणीची गाडी लागत होती. गाणं त्याचं होतं. कुठल्याही सिनेमातलं नव्हतं. सकाळी उठून गावाला निघालेल्या आणि घराची किल्ली विसरलेल्या माणसाचं असं काहीतरी. दोन कडवी म्हणून तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"कसं हाय?"

मी मनात म्हणत होते, सिस्टर, आज तरी चांगलं म्हणा. खोटं म्हणा. ‘ठीक’ म्हणा.

"वाईट हाय," सिस्टर म्हणाल्या.

त्याचा चेहरा उतरला.

"पयली वळ लई चांगली. मग तुजा धीर सुटला आन् तू पुन्ना त्या मुंबईवाल्याच्या मागं पळालास. दुसऱ्या कडव्यात काई जीव न्हाई. किल्ली इसरली तर मानूस घाबरंल का न्हाई? तू तर सुकात चाललायस." त्यांना धाप लागली होती. कितीतरी दिवसांनी त्या इतकं सलग बोलत होत्या. "आन् वर जाताना आवाज चिरकतोय तिथं दाबू नगस. चिरकू दे."

कंडक्टरनं घंटी मारली. तो गाडीबरोबर चालू लागला. "म्हंजे करू का पुढं?"

"न करायला काय झालं? करायचं नसतं तर मी एवढं कशाला बोलले असते!"

गाडी वळणावर गेली तरी त्या खिडकीतून ओरडतच होत्या, "धृपद लांबवू नगस!" अख्खी एसटी आमच्याकडे बघत होती. लोह्यापर्यंत त्या गप्प बसल्या नाहीत. ड्रायव्हरच्या शिट्टीपासून पुढच्या सीटवरच्या बाळाच्या रडण्यापर्यंत सगळ्याला मत होतं. बाळ म्हणे सुरात रडत होतं.

तो मोठा गायक झाला नाही. त्याची कॅसेट कुठं निघाली नाही, कुठलं मानपत्र मिळालं नाही. लातूरला परत आला, डाळमिलमध्ये लागला, आणि ऑर्केस्ट्रात गातच राहिला, बहुतेक ओळखीचीच गाणी. पण दर कार्यक्रमात मधेच एक गाणं तो स्वतःचं घुसवायचा. आणि सिस्टर आता त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला जात.

माझी बदली झाली, लग्न झालं. काही वर्षांनी नात्यातल्या एका लग्नासाठी औशाला गेले तेव्हा कळलं की संध्याकाळी बाजारपेठेजवळ त्याचा कार्यक्रम आहे. गेले. तोवर पाऊसपाणी बरं झालं होतं, मांडवात चिखल होता. सिस्टर निवृत्त झाल्या होत्या, वाळल्या होत्या, केस पांढरे. मला बघून एवढंच म्हणाल्या, "आलीस? आता येतंय बघ."

स्टेजवरून तो म्हणाला, "आता एक आमचं."

आणि लोक उठायला लागले. ‘आमचं’ म्हटलं की चहाला जायची ही वेळ, हे सगळ्यांना ठाऊक झालं असावं. खुर्च्या सरकल्या, माणसं दाराकडे निघाली. सिस्टर लगबगीनं गेल्या आणि मांडवाच्या दारात दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. एवढीशी म्हातारी, पण कुणाला बाजूनं जाता येईना.

"कुटं निघालाव?"

"चहा घेऊन येतो की, मावशी."

"चहा कुटं पळून चाललाय? बसा. गानं चाललंय."

एक धोतरवाले बाबा समजुतीच्या आवाजात म्हणाले, "बरं बाई, बसतो. एवढं अडवायल्यात म्हंजे गानं लई चांगलं असंल."

सिस्टरनी मागं वळून स्टेजकडे कान दिला. त्याचा आवाज वर चढत होता आणि चढता चढता फाटत होता. त्यांनी नीट ऐकलं आणि बाबांकडे वळल्या.

"आजून न्हाई," म्हणाल्या. "बसा."